पाहुण्याला दाखवायचे काय?

परगावचा मित्र चार दिवस राहायला येणार म्हटले की यजमानाला दोन काळज्या लागतात. पहिली जेवणाखाणाची, ती घरातली मंडळी परस्पर वाटून घेतात. दुसरी, पाहुण्याला दाखवायचे काय, ही मात्र एकट्या यजमानाची. वेरूळच्या शेजाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. कोल्हापूरकराला तर नाहीच. अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढ्यात त्याचे दोन दिवस निघतात. पंचाईत होते ती आम्हा डहाणूकरांची. आमच्याकडे किल्ला आहे, पण पोर्तुगीजांच्या त्या किल्ल्यात सरकारी कचेऱ्यांनी संसार मांडला. समुद्र आहे, पण तो मातकट पाण्याचा, ओहोटीला दूरवर मागे सरकून चिखल आणि खडक उघडे टाकणारा. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून रविवारची गर्दी वाढली. पण ही मंडळी सुरूच्या बनात डबे उघडतात, चिकूच्या पिशव्या भरतात आणि संध्याकाळी परततात. 'तिकडे बघण्यासारखे काही नाही, पण हवा छान आहे,' हा त्यांचा अभिप्राय आम्ही पाठ केलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेला पाहुणा मात्र हवेवर भागणारा नव्हता. कॉलेजातला मित्र, तीसेक वर्षे स्टुटगार्टला स्थायिक झालेला अभियंता. २०२३ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने दहा दिवस स्वतः गाडी चालवून मला दक्षिण जर्मनी दाखवली होती. फोनवरच त्याने बजावले, "फेड करायची वेळ आलीय. दहा नाही, तीन दिवस दे. पण नीट दाखव."

नीट दाखवणे म्हणजे काय, हे त्याच्याकडूनच शिकावे. उल्म गावच्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर उंच. १३७७ मध्ये पाया घातलेले हे काम १८९० मध्ये पुरे झाले, म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्य ऐन भरात होते तेव्हा सुरुवात आणि टिळक-आगरकरांच्या काळात कळस. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या चर्चने मागे टाकेपर्यंत जगातले सर्वांत उंच चर्च हेच होते. आल्प्सच्या पायथ्याशी नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये बांधायला काढला. त्यात तो राहिला जेमतेम १७२ दिवस आणि १८८६ मध्ये एका तळ्यात मृतावस्थेत सापडला. मृत्यूनंतर सात आठवड्यांत किल्ला लोकांसाठी खुला झाला तो आजतागायत. राजाला ज्या किल्ल्याने कर्जात बुडवले, त्याच किल्ल्याच्या तिकिटांवर आता खोऱ्यातली गावे जगतात. तिकिटावर आत शिरण्याची वेळ मिनिटात छापलेली असते आणि अर्ध्या तासात तुम्ही दुसऱ्या दाराने बाहेर. तिकडे प्रत्येक जुन्या भिंतीवर पाटी आहे. कोण राहिले, कधी जळले, पुन्हा कोणी बांधले. पाहुण्याला विचारावे लागत नाही आणि यजमानाला सांगावे लागत नाही.

आमच्याकडे पाट्या नाहीत. त्यामुळे सगळे तोंडाने सांगावे लागते आणि त्यासाठी आधी ते ठाऊक असावे लागते.

पहिला दिवस घोलवड-बोर्डीचा. चिकूच्या वाड्यांतून चालताना मित्राने विचारले, "हे झाड इथलंच ना?" इथले कुठले! चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा; च्युइंगमचा मूळ चीक याच झाडाचा. इकडे त्याच्या वाड्या फुलवल्या त्या मुख्यतः इराण्यांनी. धर्माने झरथुष्ट्री, पण पारशांच्या मागाहून इराणातून आलेली ही कुटुंबे डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात स्थिरावली. मळ्यात राबणारे हात वारल्यांचे, बागायतीची परंपरा किनाऱ्यावरच्या जुन्या शेतकऱ्यांची, आणि फळ साता समुद्रांपलीकडचे. लांब काठीच्या टोकाला जाळी लावून एकेक चिकू अलगद उतरवणाऱ्या बायका मित्राने बराच वेळ पाहिल्या. २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे दार्जिलिंगच्या चहासारखे त्याचे नाव कायद्याने राखीव झाले. मेक्सिकोचे फळ इथल्या गावाच्या नावाने राखीव होते, याची मित्राला गंमत वाटली. मला वाटते, गावाचे नाव फळाला लागायला शंभर वर्षांची मशागत पुरते. त्याला मूळ पुरुषाची वंशावळ लागत नाही.

पारशांचा धागा याहून जुना. हद्दीपलीकडे गुजरातेत संजाण आहे. इराण सोडून आलेले पारशी तिथे उतरले, असे त्यांची परंपरा सांगते. संजाणवर आक्रमण झाले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, उचलला आणि आपल्या या हद्दीतल्या बारडच्या डोंगरावर, बहरोटच्या गुहांत आणून बारा वर्षे जपला. पुढे तो वासदा, नवसारी करीत शेवटी उदवाड्याला विसावला. आसवली धरणाच्या बाजूने आम्ही डोंगर चढलो. गुहेत शिरल्यावर कातळाचा ओला गारवा तेवढा अंगाला लागतो. पाहायला तसे काहीच नाही. मित्र मात्र तिथे बराच वेळ बसून राहिला. घरदार सोडून आलेल्या माणसाला विस्तव सांभाळण्याची गोष्ट वेगळी लागत असावी. मी विचारले नाही.

उतरल्यावर कोसबाड. या टेकडीचे मोल डहाणूच्या किल्ल्याहून मी अधिक मानतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला आणले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. ढोरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तेव्हा कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. शंख, शिंपले, बिया, पाने हेच शाळेचे साहित्य. आज देशभर गावोगाव दिसणारी अंगणवाडी ज्या विचारातून आली, त्याची मुळे शोधत गेले तर या टेकडीपाशी यावे लागते. बालवाडी हा जर्मन फ्रोबेलचा शोध, असे मित्र अभिमानाने सांगू लागला होता. मी म्हटले, "फ्रोबेलने मुलांसाठी बाग काढली. आमच्या बायका गुरांच्या मागे गेल्या." तो हसला, पण वहीत कुरणशाळा हा शब्द त्याने लिहून घेतला.

दुसरा दिवस तलासरीच्या बाजूचा. किनारपट्टी मागे पडली की वाड्या संपतात, भाताची खाचरे आणि उघडे डोंगर सुरू होतात, आणि गाडीच्या काचेतूनही कळते की आपण दुसऱ्या अर्थव्यवस्थेत आलो. झरी गावात थांबलो. २३ मे १९४५ रोजी इथे किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले होते. तोवर जमीनदाराकडे वेठ बिगार ही रीतच होती, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे गडी व्हायचे. त्याला 'लग्नगडी' असा शब्दच होता. झरीच्या परिषदेनंतर वेठ बंद झाली. मग मजुरीचा लढा, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याचा गोळीबार, पाच जणांचा मृत्यू. गोदावरी परुळेकरांनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहिले आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. शहरी मराठी वाचकाला वारली म्हटले की भिंतीवरची पांढरी माणसे आठवतात, हे पुस्तक आठवत नाही. दिवाणखान्यात चित्र टांगणे सोपे जाते.

चित्रांचे गावही वाटेवरच आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे २०१८ मध्ये गेले. लग्नात सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, ही बायकांची कला. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी इकडे कागद घेऊन आले आणि म्हसे लग्नाचे निमित्त नसतानाही चित्रे काढू लागले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आमच्या पाहुण्याला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा: २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या कलासंग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर म्हसे यांचे प्रदर्शन झाले होते. "मी तेव्हा तिथेच होतो रे, चार तासांवर," तो म्हणाला.

तलासरीत आणखी एक गोष्ट दाखवली, जी दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात लहान-मोठ्या भूकंपांची मालिका सुरू झाली. त्या हिवाळ्यात माणसे घराबाहेर तंबूंत झोपली. बहुतेक धक्के किरकोळ. पण रात्री भांडी वाजली की किरकोळ हा शब्द उपयोगी पडत नाही. याच पट्ट्यातून आता बुलेट ट्रेनचे खांब, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग जातो. महामार्ग आणि जुनी रेल्वे होतीच. मित्राने बोटे मोजली. "पाच. आणि या पाचांतलं काय इथे थांबतं?" मी म्हटले, रेल्वे थांबते.

तिसऱ्या दिवशी सकाळी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला ओझरते जाऊन आलो. खरी तिची शोभा चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत. एरवी हमरस्त्यावरचे देऊळ. मग डहाणूची खाडी ओलांडून दक्षिणेला निघालो. खाडीकाठी औष्णिक वीज केंद्राची चिमणी सुमारे पावणेतीनशे मीटर उंच आहे. उल्मच्या मनोऱ्याहून शंभर मीटरने मोठी, हे मी पाहुण्याला मुद्दाम ऐकवले. पण या चिमणीची गोष्ट नुसत्या उंचीची नाही, आणि ती कळल्याशिवाय वाढवण कळत नाही.

पाचशे मेगावॉटचे हे केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. त्याच्या आधी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने अवघा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. साऱ्या तालुक्यात मिळून उद्योगांना पाचशे एकर, त्यापलीकडे नाही. भोवती पंचवीस किलोमीटरचा राखीव पट्टा. अधिसूचना कागदावर राहू नये म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी खास प्राधिकरण नेमले गेले. एका तालुक्यासाठी असे प्राधिकरण, हा आपल्या देशातला दुर्मीळच प्रकार. याच प्राधिकरणाच्या आग्रहामुळे वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. ती २००७ मध्ये चालू झाली. आणि याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर इथे बसत नाही, असा निर्णय दिला. त्या वेळी ते बंदर एक परदेशी कंपनी बांधणार होती.

सतरा वर्षांनी तो प्रस्ताव परत आला, या वेळी सरकारी बंदर म्हणून. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राची तत्त्वतः मंजुरी. त्याच वर्षी बंदरे औद्योगिक प्रवर्गातून काढून 'बिगर-औद्योगिक' ठरवण्यात आली, म्हणजे पाचशे एकरांची अट लागू होते की नाही हा वादच बदलला. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटी घालून संमती दिली. न्यायमूर्ती धर्माधिकारी २०१९ मध्ये निवर्तले होते. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा खर्च मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बांध, एक-एक हजार मीटरचे नऊ कंटेनर धक्के. इथे किनाऱ्यापासून काही अंतरावर वीसेक मीटरची नैसर्गिक खोली मिळते. जगातली सर्वांत मोठी कंटेनर-जहाजे लावायला असे ठिकाण भारताला हवे आहे, हे म्हणणे काही खोटे नाही. बारावी झालेल्या, मुंबईला लोकलमध्ये लटकत जाणाऱ्या इथल्या पोरांना गावाजवळ नोकरी हवी आहे, हेही खोटे नाही. मी वाढवणच्या बाजूचा आहे म्हणून एवढे मान्य करायला माझी हरकत नाही.

मित्राने विचारले, "मतदान झालं का?" मला आधी समजले नाही. मग त्याने स्टुटगार्टच्या रेल्वे स्थानकाची कथा सांगितली. जुने स्थानक जमिनीखाली नेण्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले. सप्टेंबरअखेर बागेतली झाडे तोडताना निदर्शकांवर पाण्याचे फवारे सोडले गेले. एवढे रण माजले की नोव्हेंबर २०११ मध्ये साऱ्या राज्यात सार्वमत घेतले. जवळपास एकोणसाठ टक्के लोकांनी काम चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. "मी विरोधात मत दिलं होतं. हरलो. २०१९ ला उघडणार होतं, साडेचार अब्ज युरोंत. अकरा अब्जांच्या वर गेलं आणि अजून उघडलेलं नाही. पण हरलो ते मोजून हरलो." वाढवणला जनसुनावणी झाली, हरकती नोंदवल्या गेल्या, मोर्चे निघाले, किनाऱ्यावर मानवी साखळ्या झाल्या. मोजणी मात्र कुणी केली नाही. आणि केली असती तर कोणाची करायची, हा खरा अवघड प्रश्न आहे. एका गावाची? तालुक्याची? बंदरातून माल नेणाऱ्या अवघ्या देशाची? स्टुटगार्टलाही शहराच्या प्रश्नावर अख्ख्या राज्याने मत दिलेच होते.

वाढवणला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. गावात शिरताना घराघरातून बारीक ठोक्यांचा आवाज येत होता. दागिन्यांचे साचे कोरणारे हे डायमेकर. या किनाऱ्यावरच्या गावांत हा घरगुती धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी कोरलेली वेलबुट्टी मित्राने डोळ्यांजवळ धरून पाहिली. अभियंत्याला ती चिमणीपेक्षा आवडली.

पुढे खडक. मैलभर पसरलेले काळे, खाचाखळग्यांचे, शेवाळाने निसरडे. त्यांतच शंखोदरचे श्रद्धास्थान आहे. कपारींत कालवे, खेकडे, डबक्यांत अडकलेली लहान मासळी. पुढच्या पाण्यात शेवंड आणि घोळ. मच्छिमार या पट्ट्याला सोन्याचा पट्टा म्हणतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ मिळाले आणि ते सव्वा कोटीच्या वर विकले गेले, तेव्हा वर्तमानपत्रांना हे सोने दिसले. एरवी ते टोपलीत असते. भरपाईचा हिशेब बोटीचा होतो, जाळ्याचा होतो, कारण त्यांची नोंद आहे. गुडघाभर पाण्यात वाकून कालवे काढणाऱ्या बाईचे परवानापत्र नसते. हंगामात डोंगरातून उतरून बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या वारल्याचे नाव कुठल्या यादीत धरायचे, हेही कुणी सांगत नाही. तीन दिवस आम्ही जे पाहत आलो, म्हणजे वाडी, पाडा, डोंगर, किनारा, ते कामाच्या दोऱ्याने एकमेकांत असे ओवलेले आहे. आणि मी पाहुण्याला दाखवत होतो ते खरे तर हेच. यावर पाटी कशी लावणार?

बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत होते. एक म्हातारी खाली बसून वाळलेले उतरवत होती. मित्राची विचारपूस झाली. जर्मनी म्हणजे कुठे, विमानाला किती तास, मुले किती, सून तिकडचीच का, हे सर्व झाल्यावर तिने मुद्द्याचे विचारले, "तुमच्याकडं समुद्र हाये का?"

"आम्ही राहतो तिथे नाही, मावशी. मोठं तळं आहे. बोडनसे म्हणतात. तीन देशांत मिळून एक तळं."

"मासे?"

त्या तळ्याकाठी २०२३ मध्ये आम्ही दोघे फिरलो होतो. लिंडाऊच्या धक्क्यावर उन्हात बसून फेल्शन नावाचा तिकडचा प्रसिद्ध मासा खाल्ला होता. स्टुटगार्टच्या नळांना त्याच तळ्याचे पाणी येते. सुमारे चाळीस लाख लोक ते पितात. मित्र तिला समजावू लागला. पूर्वी तळ्यात सांडपाणी जायचे. सरकारने ते थांबवले, पाणी स्वच्छ झाले, इतके स्वच्छ की माशाला खायला पुरेना. त्यातच बाहेरून आलेला शिंपला आणि एक काटेरी मासा माजला. शेवटी २०२४ च्या सुरुवातीपासून तीन वर्षे फेल्शन पकडायलाच बंदी घातली, तिन्ही देशांत.

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "म्हंजे पानी चांगलं आन मासा नाय?"

"हो."

"आन हाटेलात काय खातात?"

"बाहेरून आणतात."

"आन कोळी?"

मित्र जरा थांबला. मग म्हणाला, थोडेच उरलेत, बहुतेक म्हातारे, मुलगे दुसऱ्या कामाला गेले. तिने मान हलवली आणि मूठभर बोंबील वर्तमानपत्रात बांधून त्याच्या हातात दिले. विमानात वास येईल म्हणून तो नको म्हणू लागला, तेव्हा तिने आणखी एक कागद वरून गुंडाळला. भरती सुरू होत होती. आम्हाला खडक ओलांडून परत यायचे होते, म्हणून निघालो.